ज्याने पाडलं त्याने उठवायचं

९ जानेवारी

छोट्या,

पाकीट उघडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. माझा फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर नुसता माझा श्वास ऐकू आला तरी ठेवून देतोस. पत्राचं तसं नसतं. फाडायचं म्हटलं तरी आधी अक्षर दिसतं, आणि माझं अक्षर तू ओळखतोस, कारण सातवीपर्यंत तुझा गृहपाठ मीच लिहून दिलेला आहे.

सांगायचं एवढंच, की मी पुलाच्या लढाईत भरती झाले. आपल्या काठाच्या, म्हणजे तपकिरी तुकडीत. तू पलीकडच्या निळ्यांत आहेस हे मला नाव घातल्यावर कळलं, तेव्हा उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. डॉक्टर म्हणाले, दिवसभर गाडीत बसून पाठ आखडली आहे, मोकळ्या हवेत काहीतरी करा. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या एका बाईने या लोकांचं पत्रक दिलं. बस, एवढंच कारण.

मला वाटलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई दरवर्षी पुन्हा लढायची म्हणजे मजेचा छंद असेल. जुने कपडे घालायचे, ठासणीच्या बंदुकीत गोळी न घालता नुसती दारू ठासून बार काढायचे, आरडाओरडा करायचा, घरी यायचं. कसलं काय! पहिल्याच रविवारी माझा भर मैदानात पाणउतारा झाला.

या तुकडीत एक बाई आहेत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना टाकेबाई म्हणतात. त्यांचं काम कपडे तपासणं. मी सुट्टीचे दिवस घालवून जाड लोकरीचा कोट शिवला होता, चांगला अस्तर लावून. बाईंनी तो सगळ्यांसमोर उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "हे मशीनवर शिवलंय."

म्हटलं, "हो. माझं स्वतःचं मशीन आहे."

"अडीचशे वर्षांपूर्वी मशीन नव्हतं."

"अडीचशे वर्षांपूर्वी मीही नव्हते."

मागे कोणीतरी हसलं. बाई नाही हसल्या. बाहेरून दिसणारी प्रत्येक शिवण उसवून हाताने घालून आणा, म्हणाल्या. बटणं प्लॅस्टिकची, ती काढली. घड्याळ काढलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "चष्मा."

मी म्हटलं, "चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस आहे की खांब, ते कळत नाही. शत्रू कसा दिसणार?"

"तुम्हाला शत्रू दिसायची गरज नाही. तुम्ही पहिल्याच फैरीत मरणार आहात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप्तानांकडे गेले. आमचे कप्तान म्हणजे ते दातांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे तू लहानपणी टेबलाचा पाय धरून बसला होतास. ते म्हणाले, "ताई, नवीन माणूस पहिलं वर्षभर पहिल्या फैरीतच मरतो. पद्धतच आहे. मीही मेलोय." आणि माझ्या खांद्यावर असं थोपटलं, जसं काही आता दाढ काढणार आहेत.

मला सांग, हा काय न्याय झाला? अर्ध्या गावाला मी गाडी चालवायला शिकवली. याच कप्तानांच्या मुलाने माझी गाडी दुधाच्या दुकानात घातली, तेव्हा मी मरता मरता वाचले, हूं की चूं केलं नाही. आणि इथे मला बंदूकसुद्धा देणार नाहीत. एक काठी दिली आहे. टोकाला पत्रा आहे. तिला भाला म्हणायचं.

आई बरी आहे. तुझी चौकशी करते, पण माझ्यासमोर नाही.

ताई


२३ जानेवारी

छोट्या,

उत्तराची वाट बघत नाहीये. तू लिहिणार नाहीस हे ठाऊक आहे. मी लिहिते आहे कारण हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगितलं तर माझा काय मान राहील?

आज मला मरायला शिकवलं. शिकवणारा बेकरीवाला. एवढा मोठा देह, पण इतका हळुवार मरतो की बघत राहावं. कित्येक वर्षं झाली, त्याला बढती देऊ केली तरी घेत नाही. "मला मरणंच आवडतं, ताई," म्हणतो. "वर्षात तेवढाच एक दिवस मला कोणी ऊठ म्हणत नाही. बाकी रोज पहाटे भट्टी असतेच."

तो म्हणाला, गुडघे आधी, मग कूस, डोकं सगळ्यात शेवटी. मी पडले की दर वेळी माझा उजवा पाय ताठ पुढे जायचा आणि जमिनीत टाच रोवून बसायची. सगळ्यांना कळेना, ही असं काय करते. मलाही कळेना. मग कप्तान म्हणाले, "अहो, त्या ब्रेक दाबतायत!" शिकाऊ माणूस चुकला की माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबते, ती पायाची सवय. झालं. तेव्हापासून मी ब्रेकताई. टाकेबाई, ब्रेकताई, बेकरीवाला. या तुकडीत धड नावाचा एक माणूस नाही.

मेल्यावर काय करायचं त्याचे नियम तुला पाठ असतील, पण मला ते संतापजनक वाटतात म्हणून लिहिते. मेलेल्याने हलायचं नाही. खाज आली तरी नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, लढाई संपून बिगुल वाजेपर्यंत आकाशाकडे किंवा चिखलाकडे बघत पडून राहायचं. आणि बिगुल वाजला की आपणहून उठायचं नाही. ज्याने पाडलं त्याने यायचं, हात द्यायचा, उठवायचं. शत्रूनेच. तेव्हा कुठे लढाई संपली असं धरतात. बेकरीवाला म्हणतो, या सगळ्या छंदात एवढी एकच गोष्ट खरी आहे, बाकी सगळं नाटक. उठवायला न जाणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं. एकदा कोणी नव्हतं गेलं, तर त्या माणसाला पुन्हा मैदानात पाय ठेवू दिला नाही म्हणे.

आता मुद्द्यावर येते. कोणी कोणाला पाडायचं याच्या जोड्या दोन्ही कप्तान आधीच ठरवतात, म्हणजे गोंधळ होत नाही. नवीन माणसाला नवीन माणूस. आज आमच्या कप्तानांनी जोड्या वाचून दाखवल्या. "ब्रेकताई, तुम्हाला निळ्यांच्या डाव्या टोकाचा बंदूकवाला मारणार. तोही यंदाच आलाय. फ्रिज दुरुस्त करतो, आधी जहाजावर होता."

जहाजावरून उतरून फ्रिज दुरुस्त करणारे या जगात काय कमी असतील? पण त्या काठावर तू एकटाच आहेस.

तेव्हा आता तू मला मारणार. रीतसर, ठरवून, बंदूक रोखून. छान झालं. नाहीतरी तुझ्या म्हणण्याप्रमाणे आपल्या घरातलं मारायचं काम आजवर माझ्याकडेच होतं.

ताई


६ फेब्रुवारी

तू आला नाहीस.

मायना घालत नाही. आज तुला काय म्हणून हाक मारावी ते मला सुचत नाही.

दोन्ही तुकड्यांची एकत्र तालीम. मी आपली चष्म्याविना रांगेत उभी. समोर निळा पट्टा, त्याच्या डाव्या टोकाला एक उंच निळा ठिपका. टोपी सारखी करताना तो ठिपका कोपर वर करायचा. बाबांसारखं. चष्मा कशाला लागतोय मला! बार झाला. मी पडले. गुडघे, कूस, डोकं. टाच रोवली गेली नाही. बेकरीवाला शेजारी मेलेला होता, तो ओठ न हलवता "छान" म्हणाला.

मग पडून राहिले. तुमचे बूट माझ्या बाजूने धावत गेले, पूल घेतला, आरोळ्या ठोकल्या, झेंडा लावला. बिगुल वाजला. एकेक निळा येऊन आपापल्या तपकिऱ्याला उठवायला लागला. हात धरतात, पाठीवरचा चिखल झटकतात, "लागलं नाही ना?" म्हणतात. बेकरीवाल्याला उठवायला दोघे लागले, सगळे हसले. मी पडलेली. माझ्या आसपासचे सगळे उठले, पाणी प्यायला गेले, मी पडलेलीच. आणि मग कळलं, सगळे गप्प झालेत. गप्प होऊन माझ्याकडे बघतायत.

शेवटी तुमचा झेंडेवाला आला. म्हणाला, "उठा ताई, आमचा माणूस नवीन आहे, त्याला माहीत नसेल."

माहीत नसेल! उठून चष्मा लावला तर तू टोपी काढून झाडाखाली उभा होतास, तोंड फिरवून.

अरे, पाडलंस त्याचं काही नाही. तू लहानपणापासून मला पाडतच आलास. पण इतक्या लोकांत मला चिखलात टाकून तोंड फिरवलंस, तेव्हा मला तो दवाखान्याचा जिना आठवला. तिथेही असंच झालं होतं. बाबांना बाहेर आणलं नव्हतं अजून. तू बोटीवरून उतरून थेट आला होतास, पाठीवर पिशवी तशीच, आणि मावशी, काका, शेजारचे, त्या नर्सबाई, सगळ्यांच्या देखत म्हणालास, "तू मारलंस बाबांना. ऑपरेशन नको म्हणणारी तू कोण?" आणि जिना उतरून गेलास. तेव्हाही मी तिथेच उभी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

आता ऐक मी कोण ते. मी ती, जी सकाळी पहिला शिकाऊ येण्याआधी त्यांचं अंग पुसायची. त्यांना उठवून बसवायचं म्हणजे काखेत हात घालून छातीला छाती लावून उचलावं लागायचं, आणि ते लाजायचे. दर वेळी लाजायचे. मधल्या वेळात गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, शिकाऊ माणसाला "पाच मिनिटं आरसे बघण्याचा सराव करा" म्हणून, मी घरी पळायचे. आई तेव्हा नुसती खुर्चीत बसून राहायची. तिला काही सुधरत नव्हतं. तू समुद्रात होतास. त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. पोटासाठी माणूस कुठेही असतो.

पण ऑपरेशन नको हे मी ठरवलं नाही. बाबांनी ठरवलं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, वाचण्याची शक्यता किती, पुढे नळ्या किती, खाटेवर किती दिवस. बाबा म्हणाले, "मला उगाच उघडून बघू नका. आता झाकण बसलंय ते राहू द्या." आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले त्यांनी, त्यांना दुसरं काय सुचणार? मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छोट्या आल्यावर तू सांग त्याला. तो माझ्यावर चिडेल."

ते चुकले. तू त्यांच्यावर चिडला नाहीस. आणि मला सांगायला तू जागा कुठे ठेवलीस? जिना उतरून गेलास तो गेलासच. नंतर जहाज सोडलंस, घर घेतलंस, ते कुठे? पलीकडच्या काठाला! माझ्या गच्चीवरून तुझ्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. निळा कोट धुवून टाकलास तो तीन दिवस वाळत होता. उलटा घालावा लागतो लोकरीचा कोट, एवढंही कळत नाही.

आज आमचे कप्तान मला म्हणाले, तक्रार करणार का? केली तर त्याला काढावं लागेल. मी म्हटलं, कशाची तक्रार? मला दिसत नाही, चष्मा तुम्हीच काढलात.

तेव्हा तुझी जागा शाबूत आहे. पण माझा राग जाणार नाहीये, हे लक्षात ठेव.


२० फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, अर्ध्या कागदावर एक ओळ. "जोडी बदलायची आहे, तुझी संमती लागते, दे." माझ्या तीन पत्रांना एक ओळ! ना आईची विचारपूस, ना बाबांबद्दल चकार शब्द. फ्रिजवाल्या गिऱ्हाईकालासुद्धा तू याहून जास्त लिहीत असशील.

वाचलीस तरी का रे माझी पत्रं? की नुसतं संमती लागते असं कळलं म्हणून लिहिलंस?

मी आधी ठरवलं होतं, देणारच नाही. मारायचं तर तूच मार आणि उठवायचं तर तूच उठव. बघू किती वेळ झाडाखाली उभा राहतोस. टाकेबाईंना हे आवडलं. त्यांचा माझा आता समेट झालाय, माझे टाके बघून त्या म्हणाल्या, "पोरीसारखे वाकडे आहेत, पण प्रामाणिक आहेत." त्या म्हणतात, अडून बसा.

मग काल आईने मध्ये तोंड घातलं. तू तिला फोन केला होतास ना? तिला वाटलं खरंच बंदूक आहे. मला म्हणाली, "तो म्हणतो त्याला तुला मारायचं नाही, आणि तू म्हणतेस त्यानेच मारायचं. माझ्या पोटी दोन्ही ठार वेडी निपजलीत." मी तिला सगळं समजावलं, गोळी नसते, नुसता आवाज असतो, मग उठवतात. ती म्हणाली, "ओढून ताणून उठवला गेलेला माणूस काय उठला?"

मला राग आला. तिचा नाही, ती बरोबर बोलली याचा. हात द्यायला लावायचा म्हणून मी तुला नियमात पकडणार, तू नाइलाजाने दोन बोटं पुढे करणार, मान तिसरीकडे. असला हात मला नको. मी काही भीक मागत नाहीये.

तेव्हा घे. दिली संमती. कप्तानांना सांगून आले. मला आता तुमचा शाळेचा बसवाला पाडणार आणि तोच उठवणार. तुझ्या वाट्याला बेकरीवाला आला आहे. त्याला उठवताना कंबर सांभाळ.

आणि आता लिहितेच आहे तर एक खरं सांगून टाकते, म्हणजे तुझ्याकडून मला पुन्हा काही ऐकायला नको. पत्रक कोणी दिलं नव्हतं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या समोरच्या भिंतीवर निळ्यांचं पोस्टर लावलं होतं, त्यात तू होतास, डोक्याला दोन मापांनी मोठी टोपी घालून. रोज शिकाऊ माणूस गाडी मागे घेताना ते आरशात दिसायचं. मी आधी निळ्यांकडेच गेले होते. ते म्हणाले, या काठाच्या माणसाने तपकिरीतच जायचं असतं.

हे वाचून फुशारून जाऊ नकोस. मला आता त्याचा पश्चात्तापच होतो आहे. मी यंदाची लढाई मरून पूर्ण करणार, आणि मग कोट फडताळात टाकणार.

आई बघायला येणार आहे. तिच्यासाठी तरी टोपी नीट बसवून घे.

ताई


१५ मार्च

तपकिरी आणि निळ्या तुकडीच्या दोन्ही कप्तानांस,

नमस्कार. आपण दोघांनी मिळून पाठवलेला निर्णय काल मिळाला. निळ्यांच्या डाव्या टोकाच्या बंदूकवाल्याला कायमचं काढण्यात येत आहे आणि मला वर्षभर बंदी. कारण काय, तर "प्रेक्षकांसमोर घोर शिस्तभंग आणि इतिहासाची विटंबना." वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बंदीचं काय ते बघून घेईन, पण त्याच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे, आणि मी मूग गिळून गप्प बसणारी बाई नाही. काय घडलं ते मुद्देसूद लिहिते.

मला पाडायचं होतं निळ्यांच्या बसवाल्याने. त्याच्या बंदुकीचा चाप पडला, ठिणगी उडाली, पण बार झाला नाही. आदल्या दिवशी दारू ओली झाली ती तुमच्या तंबूत, हे बसवाल्याने मला स्वतः सांगितलं. तुमच्याच पुस्तकात लिहिलं आहे, की बार झाला नाही तर माणूस मरत नाही, दुसरी बंदूक त्याच्यावर चालेपर्यंत त्याने उभं राहायचं. मी उभी राहिले. माझ्या डावी-उजवीकडे सगळी तपकिरी रांग आडवी झाली आणि त्या भल्या मोठ्या मैदानात मी एकटी, हातात पत्र्याची काठी. आता यात माझा दोष कुठे आला?

त्या क्षणी निळ्यांकडे एकच भरलेली बंदूक शिल्लक होती. डाव्या टोकाची. कारण आमचा बेकरीवाला मरण्याच्या उत्साहात आपल्या वाटणीचा बार व्हायच्या आधीच मरून पडला होता. त्याला तुम्ही काही शिक्षा दिल्याचं ऐकलं नाही.

निळ्यांचे कप्तान ओरडले, "डावं टोक, तिला पाड!" ते मला ऐकू आलं. चष्मा नसल्यामुळे मला फक्त एक उंच निळा ठिपका दिसत होता आणि त्याच्यापुढे एक काळी रेघ. रेघ वर आली. मी वाट बघत उभी. रेघ खाली गेली. पुन्हा आज्ञा, पुन्हा रेघ वर, पुन्हा खाली. लोक हसायला लागले. तेवढ्यात प्रेक्षकांतून माझी आई उभी राहून ओरडली, "खबरदार तिला मारलंस तर! मी येईन तिकडे!" टाळ्या पडल्या. आईला तुम्ही आवरायला हवं होतं, तिच्या शेजारी टाकेबाई बसल्या होत्या.

मी ओरडले, हे कबूल. "अरे मार, लोक खोळंबलेत!" असं म्हणाले. रांगेत बोलू नये हा नियम मोडला. त्याची शिक्षा मला द्या.

मग त्याने बंदूक जमिनीवर ठेवली आणि रांग सोडून चालत आला. ही तुमच्या मते विटंबना. अडीचशे वर्षांपूर्वी कोणी असं आलं नव्हतं, म्हणता. तुम्ही होतात का तिथे? आला नसेल एखादा? दोन्ही काठांवर तीच घरं, तीच माणसं, लग्नं होऊन इकडच्या पोरी तिकडे गेलेल्या. बंदूक रोखल्यावर समोर आपलीच बहीण दिसली, असं एकाच्याही बाबतीत घडलं नसेल? आणि घडलं असेल तर ते कोणी लिहून ठेवणार होतं का?

तो हाताच्या अंतरावर आला तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. किती वर्षांनी इतक्या जवळून बघत होते. केस पांढरे व्हायला लागलेत. मी त्याला काहीतरी लागट बोलणार होते, तयारीच होती माझी. त्याने हात पुढे केला. मी पडले नव्हते, कोणी पाडलं नव्हतं, बिगुल वाजला नव्हता, हात द्यायची कुठलीच सक्ती त्याच्यावर नव्हती. तरी केला. आणि म्हणाला, "ताई, दमली असशील ना गं."

मी "हो" म्हटलं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. मी मैदानात खाली बसून मोठ्याने रडले, तोही शेजारी बसला, आई कठडा ओलांडून आली. निळ्यांना पूल घेता आला नाही, कारण आम्ही तिघं वाटेत बसलो होतो, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तपकिरी बाजू हरली नाही. टाकेबाई म्हणतात, प्रेक्षकांनी याआधी कधी इतक्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पण त्याचं जाऊ द्या.

मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. रणांगणावर उभ्या असलेल्या माणसाला दमलीस का, असं विचारायला बंदी आहे, असा नियम मला कुठे सापडला नाही. सापडला तर दाखवा. वडील गेल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. काय झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, सगळ्यांनी विचारलं. हे मात्र कोणीच नाही. ज्याने विचारायला हवं होतं त्याने शेवटी विचारलं, उशिरा विचारलं, भर मैदानात विचारलं, आणि तुम्ही त्याला शिस्तभंग म्हणता!

जहाज सोडल्यापासून त्या माणसाला फ्रिज आणि ही लढाई, याशिवाय काही नाही. हे मला कालच कळलं, आमच्या स्वयंपाकघरात. त्याची जागा त्याला परत द्या. माझं नाव हवं तर कायमचं खोडा, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण मी सांगणार नाही.

हे पत्र घेऊन तोच येतो आहे. त्याला दारात उभं ठेवू नका, आणि त्याच्याशी आवाज चढवून बोललात तर गाठ माझ्याशी आहे.

आपली,
ब्रेकताई